काचेवरचे पाणी

विमानात बसलेल्या माणसाला समोरचे दिसत नाही. हे आम्हाला पहिल्यांदा भाईजानने सांगितले. रात्री भर पावसात विमान उतरताना भीती वाटत नाही का, असे आम्ही त्याला विचारले होते. तो म्हणाला, "कसली भीती? खिडकीतून पंखाचा दिवा दिसतो आणि काचेवरून मागे पळणारं पाणी दिसतं. पुढं काय आहे ते पुढच्या दोघांना ठाऊक."

आम्ही खेड तालुक्यातले. आमच्या मोहल्ल्यात ज्या घरातला एकही माणूस आखातात नाही, असे घर शोधावे लागेल. दुबई, दोहा, कुवेत ही नावे आमच्या पोरांना पुणे-सातारच्या आधी कळतात. भाईजान २००८ साली दुबईला गेला, एसी दुरुस्तीच्या कामावर. आम्ही मात्र इथेच राहिलो. बी.एड. केले आणि उर्दू माध्यमाच्या शाळेत विज्ञान शिकवू लागलो. 'आम्ही' म्हणतो म्हणून वाचकांनी हसू नये. वर्गात 'हम' म्हणायची जी सवय लागली, ती कागदावरही सुटत नाही.

७ ऑगस्ट २०२० ची रात्र आमच्या घरात कोणी विसरणार नाही. करोनाचे दिवस होते. भाईजानची नोकरी गेलेली, वंदे भारत मोहिमेच्या विमानात आपला नंबर कधी लागतो याची तो दुबईत वाट बघत होता. टीव्हीवर पट्टी सरकू लागली : दुबईहून आलेले विमान कोसळले. त्याचे विमान नव्हते हे आम्हाला ठाऊक होते, विमान केरळचे होते हेही पट्टीत होते. तरी अम्मीने टीव्हीच्या आवाजावर आपला आवाज चढवून तीनदा विचारले, "फोन लागला का?" फोन लागला. तो खोलीतच होता, त्यालाही नुकतेच कळले होते. दोघेही बराच वेळ काही बोलले नाहीत, नुसता फोन धरून बसले.

ते एअर इंडिया एक्स्प्रेसचे बोइंग ७३७ होते. आत १९० माणसे, त्यात दहा तान्ही मुले. कोझिकोडचा करिपूर विमानतळ टेकडीचे डोके सपाट करून बांधलेला आहे. आमच्याकडच्या सड्यासारखा समजा, वर सपाटी आणि दोन्ही टोकांना उतार. पावणेआठच्या सुमारास अंधारात, पावसात विमान उतरले, धावपट्टी संपली तरी थांबले नाही आणि उतारावरून खाली जाऊन त्याचे तुकडे झाले. दोन्ही वैमानिक आणि १९ प्रवासी, एकूण २१ जण गेले. आग लागली नाही म्हणून बाकीचे वाचले. कोंडोट्टीचे लोक साथीची भीती बाजूला ठेवून पावसात धावले. अनोळखी मुलांना उराशी धरून त्यांनी मिळेल त्या गाडीतून इस्पितळे गाठली. ते लोक आमच्यासारखेच, घराघरांतून आखातात माणूस पाठवलेले.

पुढच्या वर्षी, सप्टेंबर २०२१ मध्ये, चौकशीचा सरकारी अहवाल आला. आम्ही तो मोबाइलवर उतरवून घेतला आणि शब्दकोश शेजारी ठेवून कितीतरी रात्री वाचला. हा कसला नाद, असे घरात विचारले गेले. आम्ही म्हटले, विज्ञानाचा मास्तर आहे, वाचू द्या. खरे कारण वेगळे होते. अहवालाच्या सुरुवातीलाच एक गोष्ट आली होती आणि ती वाचून आमचे बोट पडद्यावर तिथेच थांबले होते. विमान पहिल्यांदा उतरायला आले तेव्हा कॅप्टनच्या बाजूच्या काचेवरचा वायपर अर्ध्या मिनिटाच्या आत बंद पडला होता.

सामान्य माणसाला वाटते, एवढे मोठे विमान, एवढी यंत्रे, वायपरचे ते काय मोठे! आम्हालाही तसेच वाटत होते. विमान ढगातून खाली येते ते यंत्रांवरच येते. जमिनीवरून रेडिओच्या दोन अदृश्य रेषा त्याला धरून आणतात, एक सरळ ठेवते आणि दुसरी उताराचा कोन सांभाळते. पण साध्या सोयीच्या विमानतळावर ही मदत जमिनीपासून साधारण दोनशे फुटांपर्यंतच पुरते. तिथे वैमानिकाने मान वर करून काचेबाहेर बघायचे असते. दिवे दिसले तर पुढे जायचे, नाही दिसले तर इंजिनाचा जोर वाढवून पुन्हा वर. दोनशे फुटांपासून जमिनीपर्यंत पंधरा-सतरा सेकंद लागतात. विमान यंत्रावर स्वतःच उतरवण्याची तऱ्हाही आहे, पण प्रत्येक विमानतळावर आणि प्रत्येक वाऱ्यात ती चालत नाही. तेव्हा शेवटची पंधरा सेकंदे माणसाच्या डोळ्यांची आणि त्या डोळ्यांपुढच्या काचेची.

त्या काचेवर पावसात काय होते? ताशी अडीचशे किलोमीटरच्या वेगाने येणाऱ्या विमानाच्या काचेवर थेंब खाली ओघळत नाही, वाऱ्याने वर आणि बाजूला ढकलला जातो. वायपर फिरला की क्षणभर काच स्वच्छ, पुन्हा पाण्याचा पडदा. अशा पडद्यातून धावपट्टीचे दिवे टिंबांसारखे दिसत नाहीत, फुगतात आणि एकमेकांत मिसळतात.

आम्ही सातवी-आठवीच्या मुलांना पाण्याच्या पेल्यात पेन्सिल तिरकी ठेवून दाखवतो. उर्दू पुस्तकात याला इनइताफ म्हणतात, मराठी पुस्तकात अपवर्तन. शब्द दोन असले तरी पेन्सिल दोन्ही भाषांत मोडलेलीच दिसते. विमानाच्या काचेवरचे पाणी हाच खेळ करते. प्रकाश वाकतो, समोरचे दृश्य आहे त्यापेक्षा खाली भासते आणि वैमानिकाला वाटते की आपण फार वर आहोत. मग हात आपोआप विमानाचे नाक खाली करायला जातो.

गंमत अशी की (गंमत हा शब्द बरा नव्हे, पण दुसरा सुचत नाही) पाऊस एकाच दिशेने फसवत नाही. दिवसा पावसात दिवे मंद दिसतात, म्हणून धावपट्टी दूर वाटते. रात्री तेच दिवे पाण्यातून अधिक झगझगीत दिसतात, म्हणून धावपट्टी जवळ वाटते. ओली धावपट्टी प्रकाश वेगळाच परतवते आणि पुन्हा आहे त्यापेक्षा दूर वाटते. जमीन अजून लांब आहे अशा समजुतीत वैमानिक राहतो आणि चाके दाणकन टेकतात. विमानाचे स्वतःचे पुढचे दिवे लावावेत तर ते थेंबांवर आपटून डोळ्यांत परत येतात, आपल्याकडे धुक्यात गाडीचा मोठा लाइट लावल्यावर येतात तसे.

आणखी एक भास आहे, त्याला वैमानिक 'ब्लॅक होल' म्हणतात. धावपट्टीच्या अलीकडे नुसता काळोख असला, घर नाही, रस्ता नाही, दिवा नाही, तर डोळ्याला अंतर मोजायला काही उरत नाही. मुंबईत उतरणारे विमान बहुधा घाटकोपर-कुर्ल्याच्या झोपडपट्ट्यांवरून येते. तिथे दिव्यांचा समुद्र असतो, थेट कुंपणाला लागून. करिपूरला टेकडीच्या टोकाला दरीचा अंधार असतो. अंधारात लटकणारा दिव्यांचा एक पट्टा, तोही पाण्यातून पाहायचा. हे सगळे भास वैमानिकांना शिकवलेले असतात. म्हणून धावपट्टीच्या कडेला चार दिव्यांची रांग असते. दोन पांढरे, दोन लाल दिसले तर उतार बरोबर. चारही लाल म्हणजे फार खाली, चारही पांढरे म्हणजे फार वर. डोळ्यावर विश्वास ठेवू नकोस, मला विचार, असे सांगणारे ते दिवे. पण तेही त्याच काचेतून दिसायचे.

कॅप्टन दीपक साठे मराठी माणूस, हवाई दलातून निवृत्त झालेले विंग कमांडर. साठीला आलेले, दहा हजार तासांहून अधिक उड्डाण केलेले. त्यांचे सहवैमानिक अखिलेश कुमार तिशीतले, दोन हजार तासांच्या आसपासचे. पहिल्यांदा विमान खाली आले, धावपट्टी दिसली नाही, तेव्हा कॅप्टननी नियमाप्रमाणे ते वर नेले. मग दुसऱ्या बाजूने, दहा नंबरच्या धावपट्टीवर यायचे ठरले. त्या दिशेला वारा पाठीमागून होता. या वेळी वायपर चालला, पण लावला त्या वेगाने नाही. धावपट्टी ८,८५८ फूट लांब. चाके टेकायला हवी होती पहिल्या तीन हजार फुटांत, ती टेकली सुमारे ४,४३८ फुटांवर, म्हणजे अर्धी धावपट्टी मागे पडल्यावर. तेव्हा जमिनीवरचा वेग ताशी तीनशे किलोमीटर होता. खाली पाणी, पुढे दरी.

अहवालाने मुख्य दोष उड्डाण हाती असलेल्या कॅप्टनवर ठेवला. उतरणे स्थिर नसताना पुढे रेटले, नेमून दिलेल्या पद्धती पाळल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचे पुढचे विमान होते आणि कोझिकोडला कॅप्टन कमी होते, या दडपणाची नोंदही केली. कंपनीच्या कारभारातल्या ढिलाईवरही बोट ठेवले. पाऊस, मंद वायपर आणि अंधार यांनी अंतराचा भास बिघडवला असावा, असेही लिहिले. भास नेमका कुठल्या बाजूने झाला हे सांगायला दोघांपैकी कोणी उरलेला नाही. गेलेल्या माणसांची उणीदुणी काढण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही. ज्याने देशासाठी लढाऊ विमाने चालवली, त्याच्याबद्दल पेल्यात पेन्सिल बुडवणाऱ्या मास्तराने काय बोलावे?

आम्ही अडकलो ते उजवीकडच्या खुर्चीपाशी. कॅप्टन डावीकडे बसतो, सहवैमानिक उजवीकडे. वायपरची तक्रार डावीकडची होती. विमान फार पुढे जाऊन टेकते आहे हे उजवीकडच्या तरुणाच्या लक्षात आले होते. त्याने कॅप्टनचे लक्ष वेधायचा प्रयत्न केला, 'गो अराउंड' असेही म्हटले. म्हणजे उतरू नका, वर चला. नियम असा की हे शब्द आले की चर्चा नाही, वर जायचेच. आणि कॅप्टनने ऐकले नाही तर सहवैमानिकाने ताबा स्वतःकडे घ्यायचा. त्याने तो घेतला नाही. अहवाल हेही कारणांत मोजतो. दोघांच्या अधिकारात जो उंच उतार होता, त्याबद्दलही अहवाल बोलतो. उतार हा शब्द वाचून आम्ही मोबाइल पालथा ठेवला.

कारण उजवी-डावी बाजू तेवढी बदला, तशा एका खुर्चीत आम्ही बसलेलो आहोत.

२०११ चा रमजान ऑगस्टमध्ये होता. ईदला तीन-चार दिवस राहिले असताना भाईजान तीन वर्षांनी पहिल्यांदा घरी येत होता. मामूंची जीप घेऊन आम्ही मुंबईला गेलो. मामू, अब्बा आणि आम्ही. मामूंनी तीस वर्षे गाडी चालवलेली. मुंबई-गोवा रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा ते नावाने ओळखत. रात्री भाईजानला घेतले, त्याची दोरीने बांधलेली खोकी मागे कोंबली आणि निघालो. पोलादपूरला सहरी केली. कशेडी घाट चढायला लागलो तेव्हा उजाडायला अजून वेळ होता आणि पाऊस असा की टपावर कोणी खडी ओतते आहे.

मामूंच्या बाजूचा वायपर दोनदा अडखळला आणि काचेच्या मध्यावर उभा राहिला. आम्ही म्हटले, "मामू, थांबू या का जरा?" ते म्हणाले, "थांबून काय, पाऊस थांबणार आहे? हा घाट आम्हाला पाठ आहे." खिडकीतून हात बाहेर काढून ते फडक्याने काच पुसत, पुन्हा स्टिअरिंग धरत. आमच्या बाजूचा वायपर मात्र चालू होता. आम्हाला रस्ता दिसत होता. डाव्या कडेची पांढरी पट्टी, पाण्याने भरून वाहणारे गटार, पुढे मोरीचा कठडा.

समोरून ट्रक आला. त्याचे दिवे मामूंच्या काचेवर फुटले. आमच्या काचेत ते दोन वेगळे दिवे होते, त्यांच्या काचेत तो एकच पांढरा गोळा असणार. त्यांनी गाडी डावीकडे घेतली. हवी होती त्यापेक्षा जास्त घेतली. कठडा सरळ आमच्यावर येऊ लागला. आम्ही तो पाहिला. किती वेळ पाहिला हे आजवर हजारदा मोजले आहे. चार सेकंद असतील, पाच असतील. त्यात आम्ही "मामू..." एवढेच म्हटले, तेही अशा आवाजात की जेवताना मीठ मागावे. मोठ्यांच्या हातावर हात घालायचा नाही, मोठ्यांवर आवाज चढवायचा नाही, आणि मामू तर ज्यांनी आम्हाला सायकल शिकवली ते.

गाडी कठड्याला घासत गटारात गेली. कोणी दगावले नाही. मामूंच्या कपाळाला खोक पडली. अब्बांचा उजवा गुडघा पुढच्या सीटखाली सापडला. दोन शस्त्रक्रिया झाल्या. तेव्हापासून ते खुर्चीवर बसून नमाज पढतात. ती ईद इस्पितळात झाली. भाईजानच्या खोक्यातला शीरखुर्म्याचा सुका मेवा नर्सेसना वाटला.

मामू शेवटपर्यंत म्हणत, "ट्रकवाल्याने डोळे दिपवले." आम्ही मान हलवत असू. २०१७ साली ते गेले. आम्हाला कठडा दिसत होता हे आम्ही त्यांना कधी सांगितले नाही, दुसऱ्या कोणालाही नाही.

गेल्या पावसाळ्यात भाईजान सुटीवर आला. २०२० मध्ये त्याचा नंबर लागून तो सुखरूप परतला होता, दोन वर्षांनी पुन्हा दुबईला गेला होता. आता त्याचा मुलगा गाडी चालवतो. आम्ही तिघे त्याला आणायला गेलो : पुतण्या, आम्ही आणि हट्टाने आलेले अब्बा. विमानतळाबाहेर धो-धो पाऊस. विमानाच्या वेळेपुढे उशीर दाखवत होते. अब्बा व्हीलचेअरवर तसबीह फिरवत बसले. आम्ही काळ्या आभाळाकडे बघत मनात मोजत होतो : दोनशे फूट, चार दिवे, दोन पांढरे, दोन लाल. बघून काही कळण्यासारखे नव्हते, तरी बघत होतो.

भाईजान बाहेर आला तो चिडूनच. "कसला पायलट होता! जमिनीजवळ आणलं आणि परत वर नेलं. लोक ओरडायला लागले. माझ्या शेजारची बाई रडत होती. अर्धा तास फिरवलं, मग उतरवलं. नवखा असणार."

आम्ही ट्रॉली ढकलायची थांबवून विचारले, "कोण म्हणालं असेल?"

"काय कोण म्हणालं?"

"वर चला, असं. दोघांपैकी कोणी म्हटलं असेल?"

तो आमच्याकडे बघत राहिला. प्रवासाने थकलेल्या माणसाला विचारायची ही गोष्ट नव्हती. मग आम्ही त्याला थोडक्यात सांगितले की, पायलटला काचेतून दिवे नीट दिसले नसतील किंवा वारा फिरला असेल, आणि असे वर जाणे ही चूक नव्हे, त्यासाठीच डिझेल जास्तीचे घेतलेले असते. "विमानात डिझेल नसतं, मास्तर," तो म्हणाला आणि पहिल्यांदा हसला.

परतीला पुतण्याच्या शेजारी आम्हीच बसलो. कशेडीला आता बोगदा झाला आहे, पण बोगद्यापर्यंतचा रस्ता तर आहे, आणि त्यावर पाऊस आहे. वायपर दोन्ही चालू होते. तरी आम्ही पनवेल सोडल्यापासून बोलत होतो. डावीकडे खड्डा आहे. पुढे टेम्पो उभा आहे, त्याचा मागचा दिवा लागलेला नाही. सावकाश. ती पट्टी दिसते का? माणगावच्या पुढे पुतण्या वैतागला. म्हणाला, "चाचा, मलाही दिसतंय. तुम्ही झोपा ना जरा."

आम्ही गप्प झालो. वायपरचा आवाज तेवढा राहिला.

मागच्या सीटवरून अब्बा म्हणाले, "बोलू दे त्याला. मागच्या वेळी गप्प बसला होता."